जुनी चावी काढायची वेळ

आमच्या नांदे गावात कुणाचा मुलगा काय करतो असं विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं. ड्रायव्हर आहे. प्लॉटिंग करतो. हिंजवडीला आहे. माझ्या नवऱ्याचं काम मात्र एका शब्दात मावत नाही. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, "कंपनीत नक्की काय करता?" बराच विचार करून तो म्हणाला, "चाव्या बदलतो." वडील सूसला आमच्या घरी परत आले आणि आईला म्हणाले, पोरगा सरळ आहे, कुलपांच्या कारखान्यात आहे.

त्याचं नाव दयानंद. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, पण लिहिताना नाव घ्यायला काय हरकत आहे? लग्नानंतर कितीतरी दिवस मलाही त्याचं काम कळलं नव्हतं. शेवटी एकदा भाकरी थापता थापता मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, आज समजल्याशिवाय ताट वाढणार नाही.

"तू फोनवर बँकेचं नाव टाकतीस ना," तो म्हणाला, "तर फोन आधी विचारतो, हे नाव कुटं राहतं? त्याचा पत्ता सांगणारी यंत्रं असतात. मधेच कुणी खोटा पत्ता सांगू नये म्हणून खऱ्या पत्त्यावर आमी सही करतो. ती सही करायची एक चावी असते. आन ती चावी अधूनमधून बदलावी लागते, न्हाईतर कधीतरी कुणाच्या तरी हाती लागायची."

"मग बदला की. त्यात काय एवढं?"

"हितंच तर सगळं काम हाय. जगभरातल्या यंत्रांना जुन्या चावीची ओळख असते. ती ओळख ती काही मुदत धरून ठेवतात. नवी चावी आली हे सगळ्यांना एकदम कळत न्हाई. म्हणून नवी चावी जुनीच्या शेजारी नुसती मांडायची. वापरायची न्हाई. सगळ्यांच्या ओळखीची झाली, आमच्या वरच्या यंत्रांनीही ही चावी खरी म्हणून साक्ष दिली, की मग तिनं सही करायची. तरी जुनी काढायची न्हाई. जुन्या सह्या सगळीकडनं विसरल्या जाईस्तोवर थांबायचं. मग काढायची."

"आणि आधीच काढली तर?"

"तर बँक तितंच असते, दिवे चालू, माणसं कामाला. पण बाहेरच्याला सही खोटी वाटते. दार उघडत न्हाई."

म्हणजे या माणसाला पगार थांबायचा मिळतो, हे त्या दिवशी मला कळलं. मी उलथनं आपटलं, कारण त्याचं थांबणं मी घरात रोज बघत होते. नवा मिक्सर आणला तरी महिनाभर जुना ओट्यावरच. नव्या चपला आणल्या तर दोन्ही जोड दारात, एक दिवस हा घालणार, एक दिवस तो. मी तापट बाई, माझ्या हातून काम असं सुटतं की बघणाऱ्याला धाप लागावी. पण खरं सांगायचं तर लग्नानंतर दर शनिवारी तो स्वतःहून मला सूसला माहेरी नेऊन सोडायचा आणि परत कधी येणार हे एकदाही विचारायचा नाही. "नव्या माणसाला रुळायला वेळ लागतो," असं त्याने त्याच्या आईला सांगितलेलं मी भिंतीआडून ऐकलं होतं. त्याचं ते थांबणं मला फार आवडलं होतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

ऑफिसातही त्याच्या थांबण्याला मान आहे. एका बँकेने आपलं काम जुन्या कंपनीकडून काढून यांच्याकडे दिलं, तेव्हाची गोष्ट. बँकेच्या साहेबांना जुन्या कंपनीचा संबंध त्याच दिवशी तोडायचा होता. जुनी चावी आजच्या आज काढा म्हणून ते फोनवर ओरडत होते. दयानंद आपला एकच वाक्य बोलत राहिला, "साहेब, मुदत संपू दे." शेवटी साहेबांनी त्याच्या वरिष्ठ बाईंना, जान्हवी मॅडमना फोन लावला. त्या सोलापूरच्या, वयाने याच्यापेक्षा लहान. त्या म्हणाल्या, दयानंद थांबा म्हणालेत ना, मग थांबायचं.

त्याच्या थांबण्यालाही कारण होतं. तो नवीन नोकरीला लागला तेव्हा कुणीतरी घाई करून एका दवाखान्याची जुनी चावी आधीच काढून टाकली होती. दिवसभर दवाखान्याची साइट कुणाला उघडता आली नाही आणि लोकांचे फोन घ्यायला या नवख्या पोराला बसवलं. साइटवर नंबर लागत नाही म्हणून आईला तशीच रिक्षात घालून आणलेला एक माणूस फोनवर रडला होता. दयानंद ते कधी विसरला नाही.

आता हा असा माणूस स्वतःच्या आईच्या बाबतीत घाई करेल असं कुणाला वाटेल?

माझ्या सासूबाई धोंडाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. सासरे गेले, जमीन बरीचशी गेली आणि तिच्यावर आता उंच इमारती उभ्या आहेत. वरच्या खोल्या आम्ही हिंजवडीच्या मुलांना भाड्याने दिल्यात. पण घरामागचा गोठा आत्यांनी सोडला नाही. त्यात एकच म्हैस उरली होती, सुंद्री. तिचं रेडकू जन्मल्यावर लगेच गेलं. रेडकू नसलेली म्हैस सहजासहजी दूध देत नाही, पान्हा चोरते. सुंद्री मात्र आत्यांचा हात लागला की पान्हवायची. दुसरं कुणी जवळ गेलं की शेपटीचा फटका किंवा लाथ. मी दोन्ही खाऊन बघितलंय.

आणि आत्यांचे गुडघे संपले होते. डॉक्टर म्हणाले, वाट्या बदलायला हव्यात, आणि त्यानंतर उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. उकिडवं बसल्याशिवाय आत्यांना धार काढता येत नव्हती. त्यांनी डॉक्टरांच्या समोरच सांगून टाकलं, "मग ऱ्हाऊ द्या. माझं जनावर भरल्या कासंनं वराडंल आन मी खाटेवर पडून ऱ्हाऊ व्हय? न्हाई जमायचं."

सुंद्रीला विकायचं नाव काढलं की त्या जेवायच्या नाहीत. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. सुंद्रीने माझा हात घेतला तर आत्या ऑपरेशन करणार, नाहीतर नाही.

दयानंदने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. रोज दोन्ही वेळेला मी आत्यांच्या शेजारी नुसतं उभं राहायचं. मग तिचं आंबोण, भिजवलेली पेंड-भुसा, मी द्यायचं. मग आत्यांच्या हाताशेजारी माझा हात. मग मी धार काढायची, आत्या शेजारी. मग आत्या दारात. मग आत्या घरात. त्याच्या ऑफिसचीच रीत होती ती, मी ओळखली आणि हसले. आत्याही हसल्या.

"ह्ये तू मला सांगतुस व्हय रं दया? मी नवी नवरी आले तवा माझ्या सासूनं मला आपलं लुगडं नेसवून म्हशीखाली बसवली हुती. आंगचं लुगडं, वास लागलेलं. जनावराला वाटावं आपलीच बाय बसलीया. लुगडं लई दिवस ऱ्हायलं माझ्या आंगावर. मग हळूच काढलं."

दयानंद घास हातात धरून ऐकत राहिला. "आई, ह्ये आमच्यात पण आसंच करत्यात," एवढंच म्हणाला. पण त्याला इतका आनंद झाला होता की त्याने त्या दिवशी भात दोनदा घेतला.

तर आम्ही सुरुवात केली. मी गोठ्यात उभी राहायचे, आंबोण द्यायचे, मार खायचे. सुंद्री थोडी थोडी निवळत होती. माझा हात आत्यांच्या हाताशेजारी कासेला लागला तरी ती फक्त मान वळवून बघायची. अजून एकटीने मी एकदाही धार काढली नव्हती.

अशात एका सकाळी दयानंद गोठ्यात आला. धार झाली होती आणि आत्या उठत होत्या. खुंट्याला धरून, मग भिंतीला धरून, मग परत खाली बसून, मग पुन्हा. आपल्याला कुणी बघतंय हे त्यांना माहीत नव्हतं. तो तसाच मागे फिरला. त्याच दुपारी दवाखान्यातून फोन आला की एकाचं ऑपरेशन पुढे गेलंय, जागा रिकामी आहे, उद्या दाखल होता का? आणि हा म्हणाला, हो.

"अहो, अजून सुंद्री माझ्याकडे आलेली नाही," मी म्हटलं.

"येईल. तू हायेस की. आईला आता एक दिवस जास्त सोसवत न्हाई."

त्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा घाई ऐकत होते, आणि मला ती इतकी गोड वाटली की मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी पहाटेच धार काढली. मग न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून त्या तयार झाल्या. गाडी दारात आली आणि बाईसाहेब गायब. बघते तर गोठ्यात. सुंद्रीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून तिच्या मानेवर गाल टेकून उभ्या होत्या. ठेवणीतल्या लुगड्याला पदरापासून गुडघ्यापर्यंत शेण आणि लाळ. मी वैतागून म्हटलं, "आत्या, दवाखान्यात लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "म्हणू दे," आणि तशाच गाडीत बसल्या.

संध्याकाळी धार काढायला म्हणून मी आत्यांचं रोजचं लुगडं शोधलं. ते माझ्या पलंगावर घडी घालून ठेवलेलं होतं. साबणाने धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, वर मोगऱ्याची दोन फुलं. सुनेला आपलं मळकं लुगडं कसं द्यायचं, म्हणून आदल्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी दगडावर बसून आत्यांनी ते धुऊन काढलं होतं. मला गहिवरून आलं आणि तेवढाच रागही आला. ज्या वासासाठी ते नेसायचं तो वासच त्यांनी घालवला होता.

तरी मी ते नेसून बसले. सुंद्रीने हुंगलं, मान फिरवली आणि बादली लाथेने उडवली. दुसऱ्या सकाळी तेच. संध्याकाळपर्यंत तिची कास तटतटली, दगडासारखी लागायला लागली. शेजारच्या गंगूबाई रोज आमच्याकडून दूध नेतात. त्या रिकामी किटली घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुई टोचून घे, पान्हा सोडंल. न्हाईतर इकून टाक. कास सुजली तर जनावर हातचं जाईल."

आत्यांनी म्हशीला कधी असली सुई टोचू दिली नव्हती. मी नाही म्हटलं. पण काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. त्याच संध्याकाळी आत्यांनी दयानंदच्या फोनवरून मला फोन केला. आवाज अजून गुंगीतला होता. "धार काढलीस?"

"काढली, आत्या."

"खोटं बोलतीस. ती वराडतीया. मला हितं ऐकू येतंय."

सुंद्री खरंच हंबरत होती, मी फोन गोठ्याच्या दारात घेतला होता. आत्यांनी फोन ठेवला. सकाळी त्यांनी नर्सला सांगितलं, मला खाली उतरवा, घरी जायचंय. नर्सने समजावलं, डॉक्टर रागावले की आत्ता पाय वेडावाकडा पडला तर सगळं परत उघडावं लागेल. त्या ऐकेनात. "दुपारपत्तूर बघते," त्या दयानंदला म्हणाल्या. "न्हाईतर मी माझी उतरणार. मग पाय मोडू दे."

पुढचं मला दयानंदने नंतर सांगितलं. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकला. तेवढ्यात जान्हवी मॅडमचा फोन. एका कॉलेजची जुनी चावी त्या दिवशी काढायची होती, पण एका ठिकाणचा हिशेब जुळत नव्हता, काय करू, असं त्या विचारत होत्या. हा सवयीने बोलून गेला, "आज राहू द्या, मॅडम. जुनी थोडे दिवस जास्त राहिली तर कुणाचं अडत नाही. जुनी आधी गेली की अडतं." मॅडमनी दोनदा विचारलं, दयानंद, ऐकताय ना?

"मॅडम," तो म्हणाला, "मी घरी जुनी चावी आधीच काढून बसलोय."

त्यांना काय कळलं देव जाणे. पण बाई शहाणी. त्या म्हणाल्या, "मग परत ठेवा. तुम्हीच मला शिकवलंत ना, चुकलं तर पुढे पळायचं नाही, जुनी आहे तिथे परत आणून ठेवायची." आणि मग म्हणाल्या, "दोन दिवस ऑफिसला येऊ नका."

आईला उचलून गोठ्यात ठेवता येत नव्हतं. तो खोलीत परत गेला आणि आईच्या सामानाचं कपाट उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत हिरवं लुगडं होतं. दवाखान्याचे कपडे घातल्यावर नर्सने काढून कोंबून ठेवलेलं, शेणासकट, लाळेसकट. त्याने पिशवीत तोंड घालून वास घेतला. शेजारच्या खाटेवरची बाई त्याच्याकडे बघतच राहिली, असं आत्या अजून सांगतात.

पौड रोडवरून सूसमार्गे सकाळच्या गर्दीत त्याने मोटरसायकल कशी आणली ते त्यालाच ठाऊक. सिग्नल हिरवा झाल्यावरही दोनदा बघणारा हा माणूस घामाने निथळत दारात आला. पिशवी माझ्या हातात दिली. "ह्ये नेस. धुतलेलं काढ."

मी नेसले. नऊवारी मला नीट नेसता येत नाही, कासोटा सुटत होता, तो त्याने मागून खोचून दिला. मग आंबोणाची पाटी घेऊन तो सुंद्रीच्या तोंडाशी उभा राहिला आणि मी खाली बसले. सुंद्रीने मान वळवली. पदर हुंगला. परत हुंगला, मग माझ्या खांद्याला तोंड घासलं. मी सडाला हात लावला. आधी काहीच आलं नाही. मग कास सैल पडल्याचं बोटांना कळलं आणि बादलीत धार वाजली.

दयानंद पाटी धरून रडत होता. मला म्हणाला, "थांबू नको, काढ." मी थांबले नव्हते. आत्यांना फोन लावून मी तो बादलीशेजारी ठेवला. धारेचा आवाज त्यांनी किती तरी वेळ ऐकला. मग पलीकडून नर्सचा आवाज आला, आजी झोपल्या.

त्यानंतर त्या हिरव्या लुगड्याने मला छळलं. दयानंद ते धुऊ देईना. आत्या घरी आल्या, काठीने चालायला लागल्या, गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या, तरी माझ्या अंगावर तेच. वरच्या खोल्यांतली मुलं जिन्यावरून नाक धरून उतरायची. मी चिडले की तो म्हणायचा, "मुदत संपू दे." मग हळूहळू ते अंगावरून खांद्यावर आलं, खांद्यावरून सुंद्रीच्या गव्हाणीवरच्या खुंटीला गेलं. सुंद्री माझ्या हाताला रोज पान्हवत होती. तिचं लुगड्याकडे लक्षही नसायचं.

एक दिवस आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "दया, ते लुगडं धुवून टाका आता."

"ऱ्हाऊ दे आई अजून."

"हापिसात जुन्या चाव्या ठिवून घेतुस व्हय?"

"न्हाई. मुदत झाली की काढाव्या लागत्यात. ठिवल्या तर त्याचा पण धोका आसतो."

"मग?"

लुगडं खुंटीवरून काढायचं म्हणजे आत्यांना गोठ्यातून काढायचं, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. नवी नवरी असल्यापासून रोज दोन वेळा त्या म्हशीखाली बसल्या होत्या. दयानंदने खाली बघत खुंटीवरचं लुगडं उचललं, दगडावर नेलं आणि स्वतः धुतलं. घरात एक रुमाल न धुणारा माणूस, दोनदा साबण लावून धुतलं. आत्या काठी टेकत घरात गेल्या आणि त्या संध्याकाळी खुर्ची गोठ्यात आली नाही.

मी माझ्या गाऊनवरच म्हशीखाली बसले. सुंद्रीने एकदा दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मग ती आंबोण खायला लागली आणि पान्हा सोडला.

बाहेर ओट्यावर आत्या बसल्या होत्या. गंगूबाई किटली घेऊन आल्या तेव्हा माझी धार अजून चालूच होती, आणि मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"धोंडाबाय, उद्याच्याला पावनं येणार हायेत. तुझ्या म्हशीचं वाईच जास्त दूध मिळंल का?"

मी हात थांबवला.

"मला काय इचारतीस?" आत्या म्हणाल्या. "जिची म्हस हाय तिला इचार. आत बसलीया."